वॉलपेपर लावण्यापूर्वी भिंतीची तयारी: सगळे खरवडावे की थेट कागद लावावा?

आपला प्रश्न दोनदा वाचला. रंकाळ्याजवळ दुसऱ्या मजल्यावर आपला पंधरा वर्षांचा फ्लॅट आहे. हॉलमधली टीव्हीमागची भिंत आणि तिला लागून असलेली खिडकीची भिंत, अशा दोन भिंतींना वॉलपेपर लावायचा आहे, आणि गणपती यायच्या आत काम व्हावे अशी घरच्यांची इच्छा आहे. दोन्ही भिंतींवर जुना पिस्ता रंगाचा डिस्टेंपर आहे आणि खिडकीखाली दर पावसाळ्यात पोपडे धरतात. वॉलपेपरचा दुकानदार म्हणतो की भिंत पुसून द्या, आमची माणसे थेट चिकटवतील. आपला पेंटर म्हणतो की सगळे खरवडून दोन हात पुट्टी मारल्याशिवाय कागद लावू नका. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे. मी बावीस वर्षे कोल्हापुरात रंगकाम करतो आणि त्यातली पंधरा वर्षे वॉलपेपरचेही काम घेतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पुट्टी मारावी की नाही, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न नाही. खरे प्रश्न दोन आहेत. एक, भिंतीवरचा सगळ्यांत वरचा थर खालच्या थराला किती घट्ट धरून आहे. दुसरा, त्या भिंतीत पाणी येते आहे का. दुकानदार आणि पेंटर या दोघांनीही या दोन प्रश्नांची उत्तरे न शोधता दोन्ही भिंतींना एकच औषध सांगितले आहे. टीव्हीमागची भिंत आतली आहे आणि तिच्या पलीकडे बेडरूम आहे, असे आपण लिहिले आहे. खिडकीची भिंत बाहेरची आणि पश्चिमेकडची आहे. माझ्या दृष्टीने ही दोन वेगवेगळी कामे आहेत आणि त्यांचे निर्णयही वेगवेगळे घ्यावे लागतील.

वॉलपेपर भिंतीला चिकटत नाही, भिंतीवरच्या शेवटच्या थराला चिकटतो. गोंद पाण्यात कालवलेला असतो. तो लावला की कागद पाणी पिऊन किंचित फुलतो आणि वाळताना पुन्हा आकसतो. नॉन-वोव्हन, म्हणजे न विणता दाबून बनवलेल्या धाग्यांच्या पाठीचा कागद फारसा फुलत नाही, साध्या कागदी पाठीचा मात्र चांगलाच फुलतो. आकसताना तो ज्या थराला चिकटला आहे त्याला ओढतो आणि ही ओढ सर्वांत जास्त कडांना, म्हणजे दोन पट्ट्यांच्या सांध्यांवर बसते. खालचा थर घट्ट असेल तर कागद ताठ बसतो आणि सांधा दिसत नाही. थर कच्चा असेल तर तो कागदाबरोबर सुटून येतो. लोक म्हणतात की गोंद चांगला नव्हता, पण बहुतेक वेळा गोंदाने आपले काम चोख केलेले असते.

हे मी एका कामातच शिकलो. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात नागाळा पार्कातल्या एका बंगल्यात मी बेडरूमच्या भिंतीवर व्हिनाइलचा, म्हणजे वर प्लॅस्टिकचा थर असलेला कागद लावला होता. भिंत दिसायला सपाट आणि स्वच्छ होती, म्हणून कोरड्या फडक्याने पुसून मी काम सुरू केले. तीन आठवड्यांनी घरमालकांचा फोन आला की सांधे उघडू लागले आहेत. मी जाऊन एका सांध्याला नखाने हात घातला तर वीतभर कागद सहज सुटून आला. त्याची पाठ उलटून पाहिली तर तिच्यावर वरपासून खालपर्यंत फिक्या निळ्या डिस्टेंपरचा अखंड पापुद्रा होता, इतका अखंड की त्यावर जुन्या ब्रशच्या रेघाही उमटलेल्या दिसत होत्या. भिंतीवर मागे नुसता पांढरा नीरू, म्हणजे गिलाव्यावरचा चुन्याचा गुळगुळीत लेप, उरला होता. गोंद आणि कागद यांची पकड शाबूत होती, सुटले होते ते डिस्टेंपर आणि नीरू यांचे नाते. ती सगळी भिंत मी माझ्या खर्चाने उतरवून पुन्हा केली. तेव्हापासून थराची परीक्षा घेतल्याशिवाय मी कागदाचा रोल उघडत नाही.

ही परीक्षा आपण स्वतः घरी करू शकता, कोणाला बोलावण्याची गरज नाही. प्रथम काळे किंवा गडद रंगाचे कोरडे फडके घेऊन भिंतीवर जोर देऊन घासावे. फडक्यावर भुकटी आली तर वरचा थर भुसभुशीत आहे. मग स्पंज ओला करून भिंतीच्या वितभर भागावर पाणी फिरवावे आणि दोनतीन मिनिटे थांबून बोटाने चोळावे. रंग काळपट पडून मऊ झाला आणि बोटाला लागला, तर तो पाण्यात विरघळणारा डिस्टेंपर किंवा चुना आहे. गोंदातल्या पाण्यानेही त्याचे हेच होणार. तिसरी परीक्षा चिकटपट्टीची. नव्या ब्लेडने भिंतीवर एकमेकींच्या जवळ चार उभ्या आणि चार आडव्या चिरा पाडाव्यात, त्या चौकटीवर रुंद चिकटपट्टी दाबून बसवावी आणि एका झटक्यात ओढावी. चौकटीतले तुकडे पट्टीबरोबर आले तर त्या थरावर काहीही चिकटवण्यात अर्थ नाही. हे एकाच जागी करून थांबू नये. छताजवळ, मध्यावर, खाली स्कर्टिंगजवळ आणि खिडकीच्या कडेला अशा निदान पाच-सहा ठिकाणी करावे, कारण एकाच भिंतीवर जुन्या दुरुस्त्यांमुळे वेगवेगळे थर असतात.

यातून काय निघेल त्यावर पुढचे काम अवलंबून आहे. पाण्याने मऊ न होणारा, भुकटी न देणारा प्लास्टिक इमल्शन असेल, तर पेंटरचा सल्ला जास्तीचा ठरतो. तो रंग खरवडण्यात पैसा घालवू नये. १२० किंवा १५० नंबरच्या पॉलिश पेपरने त्याची चमक मारावी, धूळ पुसावी आणि प्रायमरचा एक हात द्यावा, एवढे पुरते. तेलरंग असेल तर त्यावर आधी धुण्याच्या सोड्याचे कोमट पाणी फिरवून तेलकटपणा काढावा, दोनदा साध्या पाण्याने पुसावे, वाळल्यावर घासून मंद करावे आणि मग गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर लावावा. चुना असेल तर मध्यम मार्ग नाही, तो नीरूपर्यंत काढावाच लागतो. डिस्टेंपरचे दोन प्रकार असतात. पाण्यात विरघळणारा डिस्टेंपर काढावाच लागतो. अॅक्रिलिक बाइंडरचा, पुसता येणारा डिस्टेंपर कधीकधी बऱ्यापैकी घट्ट असतो. पण पंधरा वर्षांत त्यावर दोनतीनदा हात मारले गेले असतील तर थर जाड होतो, आणि जाड डिस्टेंपरवर माझा विश्वास नाही. आपण वर्णन केलेल्या भिंतीवर तो पाण्याने मऊ पडेल असा माझा अंदाज आहे. अंदाज चुकू शकतो, स्पंज चुकत नाही, म्हणून आधी तो फिरवून पाहावा.

डिस्टेंपर काढताना कोरडाच खरवडू नये. स्प्रेच्या बाटलीने किंवा रोलरने चार-पाच फुटांचा पट्टा भिजवावा, दहा मिनिटे मुरू द्यावे, पुन्हा एकदा भिजवावे आणि रुंद पत्र्याने, म्हणजे खरवडायच्या पट्टीने, खालून वर ढकलत काढावे. ओला डिस्टेंपर लगद्यासारखा येतो आणि घरभर धूळ होत नाही. उरलेला पातळ थर स्पंजने धुवावा आणि बादलीतले पाणी वारंवार बदलावे, कारण गढूळ पाण्याने पुसले तर तीच भुकटी पुन्हा भिंतीवर बसते. ज्यांच्या भिंतींवर जुना तेलरंग आहे त्यांच्यासाठी येथे एक सूचना आहे. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तेलरंगात, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या छटांत, शिसे असू शकते. असा रंग कधीही कोरडा घासू नये. ओला घासावा, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या दिवसांत त्या खोलीपासून दूर ठेवावे.

आता खिडकीच्या भिंतीकडे येतो, कारण मला खरी काळजी तिचीच वाटते. आपल्याकडे पावसाळ्याचा मारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. जून ते सप्टेंबर वाऱ्याबरोबर येणारी झड पश्चिमेच्या भिंतीवर दिवसदिवस आपटत राहते, आणि गिलाव्यात केसाएवढी फट असली तरी पाणी आत शिरते. आपल्या भिंतीला पोपडे खिडकीच्या खालीच धरतात, ही खूण महत्त्वाची आहे. माझ्या अनुभवात अशा वेळी दोष बहुधा खिडकीच्या खालच्या दगडी पट्टीत असतो. तिला बाहेरच्या बाजूला उतार नसतो, किंवा तिच्या खालच्या कडेला पाणी गळून पडण्यासाठी खाच नसते, किंवा अॅल्युमिनियमच्या चौकटीभोवतीचे सीलंट उन्हाने कडक होऊन सुटलेले असते. पाणी चौकटीखालून आत येते, गिलाव्यात मुरते आणि आतल्या बाजूने रंग ढकलते. पेंटर आतून पोपडे काढून पुट्टी भरतो, दिवाळीत भिंत छान दिसते, आणि पुढच्या आषाढात तेच पोपडे त्याच जागी परत येतात. आतून कितीही पुट्टी भरली तरी बाहेरून येणारे पाणी थांबत नाही.

ओल आहे की नाही हे डोळ्यांवर सोडू नये. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्यावा आणि चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करून तो भिंतीवर लावावा. एक तुकडा खिडकीखाली, एक स्कर्टिंगच्या फूटभर वर आणि एक टीव्हीमागे लावून निदान चोवीस तास, पावसाळ्यात दोन दिवस, तसाच ठेवावा. नंतर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसले किंवा खालची भिंत गडद झाली, तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दव असेल तर ती खोलीतल्या हवेतली ओल आहे आणि तिचा इलाज खिडक्या उघडणे हा आहे. माझ्याकडे दोन सुयांचा ओल मोजणारा मीटरही असतो, पण त्याच्या आकड्यावर मी एकट्याने निर्णय घेत नाही, कारण भिंतीत क्षार असले तर तो कोरड्या भिंतीलाही ओली म्हणतो. त्याचा खरा उपयोग तुलनेसाठी होतो. टीव्हीमागच्या भिंतीवर जो आकडा येतो त्याच्या दुप्पट खिडकीखाली आला, तर कुठे पाहायचे हे कळते.

क्षारांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण ओल गेली तरी ते मागे राहतात. विटा, सिमेंट आणि वाळू यांतले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागाकडे येतात, पाणी उडून गेले की तेथेच त्यांचे स्फटिक बनतात, आणि स्फटिक बनताना ते रंगाला व पुट्टीला आतून रेटतात. आपण ज्याला लोणा म्हणतो तो हाच. हात फिरवला तर पांढरी, हलकी, कापसासारखी भुकटी लागते. काही क्षार पावसाळ्याच्या हवेतले पाणीही ओढून घेतात, म्हणून गळती बंद झाल्यावरही ती जागा दमट हवेत पुन्हा गडद दिसते. लोणा ओल्या फडक्याने पुसू नये, कारण तो विरघळून पुन्हा आत जातो. भिंत कोरडी झाल्यावर तो कोरड्या ताठ ब्रशने झाडावा आणि भुकटी गोळा करून घराबाहेर टाकावी. दोनतीन आठवड्यांनी पुन्हा आला तर पुन्हा झाडावा. गिलावा आतपर्यंत सडला असेल आणि बोट दाबल्यावर वाळू झडत असेल, तर तेवढा भाग विटेपर्यंत काढून नवा गिलावा करावा लागतो.

अशा भिंतीवर व्हिनाइलचा कागद लावणे ही सर्वांत मोठी चूक आहे, असे मी ठामपणे सांगतो. रंगाची भिंत ओली झाली तर निदान पोपडा धरून ती आपल्याला कळवते आणि वाळतेही. व्हिनाइल पाण्याची वाफ बाहेर सोडत नाही. ओल कागदामागे कोंडते, गोंद हे बुरशीचे अन्न बनते आणि महिनोनमहिने बाहेरून काहीच दिसत नाही. मी उतरवलेल्या अशा कागदांच्या मागे काळी-हिरवी बुरशी पसरलेली पाहिली आहे. एका घरात तर दम्याचा त्रास असलेल्या आजींचा पलंग त्याच भिंतीला लागून होता. खोलीत कोंदट वास येत होता आणि घरचे लोक कपाटात कारण शोधत होते.

आपला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, त्यामुळे पुढची गोष्ट आपल्याला लागू नाही, पण हे उत्तर वाचणारे बरेच जण कोल्हापूरचेच असतील म्हणून लिहितो. २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्या शाहूपुरी, दुधाळी, रमणमळा अशा भागांतल्या तळमजल्यांच्या भिंती वरून कोरड्या दिसतात. पण पुराची रेषा जिथपर्यंत होती तिथपर्यंत त्यांत क्षार मुरलेले असू शकतात. तेथे रेषेच्या फूटभर वरपर्यंत प्लॅस्टिकची परीक्षा घ्यावी आणि शंका असल्यास खालचा भाग कागदाशिवाय ठेवावा. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जे जुने वाडे उभे आहेत, त्यांच्या दगड-मातीच्या आणि चुन्याच्या भिंतींना जोत्यावर ओलरोधक थर नसतो. जमिनीतली ओल त्या भिंती वर ओढतात आणि पृष्ठभागातून हवेत सोडतात. त्या भिंती श्वास घेतात म्हणूनच इतकी वर्षे टिकल्या. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा व्हिनाइल चढवले तर ओल आणखी वर चढते. अशा वाड्यातले वॉलपेपरचे काम मी घेत नाही. चुन्याची सफेदी करा आणि शोभेसाठी कापडी पडदा किंवा लाकडी चौकटीवर ताणलेला कागद भिंतीपासून दोन बोटे पुढे उभा करा, असे सुचवतो.

आपल्या घरापुरते सांगायचे तर माझा सल्ला असा. खिडकीच्या भिंतीला गणपतीच्या आधी कागद लावू नये. तिचे बाहेरचे काम पाऊस थांबल्यावर करावे, म्हणजे खिडकीची पट्टी, सीलंट, बाहेरच्या भेगा आणि बाहेरचा रंग. आतला सडका भाग काढून गिलावा करावा, सात दिवस पाणी मारावे आणि कोरड्या हवेत निदान महिनाभर वाळू द्यावा. नव्या सिमेंटमध्ये अल्कली खूप असते आणि ती गोंद व कागदाचे रंग दोन्ही बिघडवते, म्हणून त्या ठिगळावर अल्कली सोसणारा प्रायमर वापरावा. कागदाचा विचार पुढचा एक पावसाळा भिंत कोरडी राहिल्यावरच करावा. हे ऐकायला लांबचे वाटते, याची मला जाणीव आहे. तोवर त्या भिंतीला कागदाशी जुळणारा साधा रंग द्यावा. एकाच भिंतीला कागद आणि शेजारी साधा रंग ही रचना हॉलमध्ये उलट उठून दिसते, असे मला वाटते.

टीव्हीमागची भिंत प्लॅस्टिकच्या परीक्षेत कोरडी निघाली तर ती गणपतीच्या आधी होऊ शकते, पण पावसाळ्यात प्रत्येक थराला वाळायला उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ धरावा. डिस्टेंपर काढून धुतलेली भिंत चार-पाच दिवस पंखा लावून मोकळी ठेवावी. आज खरवडले, उद्या पुट्टी, परवा कागद, असे कोणी म्हणत असेल तर नम्रपणे नकार द्यावा. पंधरा दिवस हातात नसतील तर मी दिवाळीनंतरचाच मुहूर्त धरीन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोल्हापुरात या कामाला सर्वांत चांगला काळ आहे.

खरवडल्यानंतर भिंतीवर मुठीने किंवा लाकडी दांड्याने टकटक करत जावे. घट्ट गिलावा बसका आवाज देतो आणि सुटलेला गिलावा पोकळ वाजतो. पोकळ भाग तळहाताएवढा असेल तर निभावतो, त्याहून मोठा असेल तर काढावा लागतो. भेगा पाहताना त्यांची जागा पाहावी. नीरूवरच्या केसाएवढ्या जाळीदार भेगा पुट्टीत मिटतात. पण बीम किंवा कॉलम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरची सरळ भेग दर ऋतूत हलत असते. तिच्यावर नुसती पुट्टी भरली तर कागद त्या रेषेवर सुरकुततो किंवा फाटतो. ती भेग पत्र्याने व्ही आकारात उघडावी, धूळ काढून लवचिक क्रॅक फिलर भरावा आणि वर चार बोटे रुंद फायबरची जाळी बसवून मग पुट्टी ओढावी. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि पेंटर ते टाळतात, म्हणून आपण आठवणीने सांगावे.

पुट्टीविषयी पेंटरचे म्हणणे टीव्हीमागच्या भिंतीपुरते बहुधा बरोबर ठरेल, पण एका अटीवर. व्हाइट सिमेंटची पुट्टी जुन्या रंगावर धरत नाही. ती नीरूवर किंवा गिलाव्यावर, भिंत किंचित ओलसर करून लावायची असते. अर्धा डिस्टेंपर तसाच ठेवून त्यावर पुट्टी ओढली तर आपण कच्च्या थरावर आणखी एक जड थर चढवला, एवढेच होते. एका हातात दीड मिलिमीटरपेक्षा जास्त जाडी भरू नये आणि दुसरा हात पहिला पूर्ण सुकल्यावरच द्यावा. रंग घट्ट असून फक्त खिळ्यांची भोके बुजवायची असतील, तर तेथे अॅक्रिलिक पुट्टी वापरावी. भिंतीला जिप्सम किंवा पीओपीचा थर असेल तर तो धुवू नये, पाण्याने तो मऊ पडतो. ओलसर फडक्याने पुसून प्रायमरवर भर द्यावा.

सपाटपणा दिवसाउजेडी समोर उभे राहून कळत नाही. संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करून टॉर्च भिंतीला टेकवून तिरका धरावा. प्रकाश भिंतीवरून सरपटत गेला की पत्र्याची प्रत्येक रेघ, प्रत्येक खळगा आणि चिकटलेला वाळूचा कण सावलीसह उभा राहतो. त्या जागांवर पेन्सिलीने गोल करावेत आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच दुरुस्त करावे. आपला कागद कोणता यावरही मेहनत अवलंबून आहे. जाड, उठावदार नक्षीचा कागद लहानसहान दोष झाकतो, पण सोनेरी किंवा चकचकीत गुळगुळीत कागद प्रत्येक दाणा बाहेर दाखवतो. त्यात टीव्हीच्या वर छताला दिवे लावणार असाल तर तो तिरका प्रकाश रोज पडणार आहे, हे आधीच ध्यानात घ्यावे. शेवटची घासाई १८० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने करावी.

घासल्यानंतरची धूळ हा असा दोष आहे की ज्याच्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. पुट्टीची भुकटी पिठापेक्षा बारीक असते आणि भिंतीवर पांढऱ्यावर पांढरी दिसत नाही. तिच्यावर गोंद लावला तर गोंद भुकटीला चिकटतो आणि भुकटी कशालाच चिकटलेली नसते. मऊ ब्रशने वरून खाली झाडावे, शक्य असल्यास व्हॅक्यूम फिरवावा आणि शेवटी घट्ट पिळलेल्या ओलसर फडक्याने पुसावे. मी काम सुरू करण्यापूर्वी काळ्या टी-शर्टच्या तुकड्याने भिंतीवर एक हात फिरवतो आणि तो तुकडा घरमालकांना दाखवतो. तो काळाच राहिला तरच पुढे जातो.

प्रायमरवर पैसे वाचवू नयेत. उघडी पुट्टी गोंदातले पाणी घटाघट पिते. त्यामुळे पट्टी भिंतीवर सरकवून नक्षी जुळवायला वेळ मिळत नाही, गोंद कोरडा पडून कडा उठतात, आणि पाच-सात वर्षांनी कागद काढायची वेळ येते तेव्हा पुट्टीचे तुकडे कागदाबरोबर निघतात. चांगल्या पाण्याच्या प्रायमरचे दोन हात पुरतात, आणि दुसऱ्या हातानंतर पावसाळ्यात दोन दिवस थांबावे. पाण्याचे जुने डाग, स्केचपेनच्या रेघा, तेलाचे हात लागलेल्या जागा असतील तर त्यांच्यावर आधी तेलाचा प्रायमर मारावा, कारण असे डाग पाण्याच्या प्रायमरमधून आणि कागदामधूनही वर येतात. फिकट नॉन-वोव्हन कागदामागून भिंतीचा गडद रंग दिसतो, म्हणून संपूर्ण भिंत एकसारखी पांढरी झाली पाहिजे, ठिगळे दिसता कामा नयेत. प्रायमर वाळल्यावर वॉलपेपरचाच गोंद पातळ करून एक हात मारून वाळू दिला, तर पकड अधिक चांगली मिळते. दुकानदाराच्या माणसांना हे करायला अवश्य सांगावे.

किरकोळ गोष्टी पटकन सांगतो. भिंतीतले खिळे काढावेत, आणि जे निघत नाहीत त्यांची डोकी ठोकून खोल घालून मेटल प्रायमरचा ठिपका द्यावा, नाहीतर गंजाचा तपकिरी डाग कागदावर येतो. टीव्हीच्या स्टँडच्या गिट्ट्या आणि वायरिंगचे पाइप पुट्टीपूर्वीच बसवून घ्यावेत. स्विचबोर्डच्या प्लेटा काढताना मेन स्विच बंद असावा. बुरशी कुठे दिसलीच तर एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी असे मिश्रण खिडक्या उघड्या ठेवून आणि हातमोजे घालून लावावे, पंधरा मिनिटांनी धुवावे. त्यात संडास धुण्याचे अॅसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो.

रोलचा हिशेबही भिंत तयार झाल्यावरच करावा. नेहमीचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब असतो, म्हणजे सुमारे ५७ चौरस फूट. नक्षी जुळवताना त्यातले काही वाया जाते, तेव्हा भिंतीच्या क्षेत्रफळाला थेट ५७ ने भागून रोल मागवू नयेत. सगळे रोल एकाच बॅच नंबरचे आहेत ना, हे दुकानातच पाहावे.

कागद लावायच्या दिवशी पंखा बंद ठेवावा आणि वाऱ्याची झुळूक थेट भिंतीवर येऊ देऊ नये, कारण गोंद सगळीकडे सारख्या वेगाने वाळला पाहिजे. पहिली पट्टी कोपऱ्याच्या रेषेला धरून लावू देऊ नका, आपल्याकडचे कोपरे क्वचितच सरळ असतात. कोपऱ्यापासून ५१ सेंटिमीटरवर छताखालून ओळंबा सोडावा, तो स्थिर होऊ द्यावा आणि त्याच्या दोरीला धरून वरपासून खालपर्यंत फिकट रेघ आखावी. पट्टीची एक कड या रेघेवर बसते आणि उरलेले दोन सेंटिमीटर कोपऱ्यावरून शेजारच्या भिंतीवर वळतात, तेथे ते ब्लेडने कापून घ्यावेत. ही रेघ साध्या पेन्सिलीनेच काढावी. बॉलपेनने काढली तर शाई गोंदात विरघळून कागदावर उमटते, आणि मग ती पट्टी बदलण्यावाचून इलाज नसतो.